तीन खुणा आणि एक आंबट वास

नोकरीतली पुष्कळ वर्षं माझ्या डाव्या हाताची दोन बोटं जांभळी असायची. निनहायड्रीन नावाचं एक रसायन कातडीला लागलं की जांभळा डाग पडतो. साबण, लिंबू, रॉकेल, कशालाही तो दाद देत नाही आणि चार-पाच दिवसांनी आपल्या मर्जीनं जातो. एकदा ऐन निवडणुकीच्या दिवशी केंद्रावरच्या माणसानं मला दारातच अडवलं. म्हणाला, "ताई, तुमचं झालंय." माझं झालेलं नव्हतं. ओळखपत्र दाखवून, वाद घालून, तासाभरानं मी मत दिलं, आणि ज्याला दिलं तो पडला.

मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. मुलं मला 'अक्का' म्हणायची, विभागप्रमुख सर 'अहो बाई' म्हणायचे आणि शोधनिबंधात माझा उल्लेख 'तांत्रिक साहाय्य' असा व्हायचा, तोही जागा उरली तर. शेवटची दहा-बारा वर्षं आमच्याकडे पेप्टाइडं बनत. हे काय असतं ते मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आणि कुणालाही पटवू शकले नाही. माझं माहेर धुळ्याचं. तिथली वहिनी दर भेटीत अहिराणीत विचारायची, "ताई, तू तठे बठ्ठा दिन काय करस?"

"माळ ओवते," मी सांगायचे.

"मनी पोर बी माळ ओवस. तिले कोणी पगार देत नही."

पण ते खरंच माळ ओवण्याचं काम आहे. अमिनो आम्लं नावाचे वीस प्रकारचे मणी असतात. आपल्या अंगातली प्रथिनं म्हणजे याच मण्यांच्या लांबच लांब माळा, आणि पेप्टाइड म्हणजे पाच, सात, दहा मण्यांची आखूड माळ. ती हवेत ओवता येत नाही, म्हणून पहिला मणी खसखशीहून बारीक अशा प्लॅस्टिकच्या दाण्याला चिकटवायचा. मण्यांनी आपापसात भलतीकडेच जुळू नये म्हणून प्रत्येकाच्या एका टोकाला टोपी असते. टोपी काढायची, धुवायचं, पुढचा मणी जोडायचा, धुवायचं. मग चार दाणे बाजूला काढून त्यावर निनहायड्रीन टाकून गरम करायचं. निळं झालं तर काही मणी जुळायचे राहिले, पुन्हा करा. पिवळं राहिलं तर पुढे चला. घरीही धुणं आणि इथंही धुणं. फरक इतकाच, की इथल्या धुण्याला शोधनिबंधात जागा मिळते, धुणारीला मिळत नाही.

माळ पुरी झाली की ती दाण्यांपासून तोडायला एक जहाल आम्ल लागतं. त्याचं नाव लांबलचक आहे, मी इथं त्याला नुसतं 'आंबट' म्हणते, कारण त्याचा वास कडक व्हिनेगरसारखा असतो. माळ शुद्ध करतानाही पाण्यात तेच थोडं घालावं लागतं. शेवटी ते पाणी गोठवून निर्वात यंत्रात सुकवायचं. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि तळाशी उरते कापसासारखी पांढरी भुकटी, ती इतकी हलकी की जळगावच्या मे महिन्यात आम्ही पंखा बंद करून, घाम गाळत वजन करायचो. पंखा चालू राहिला तर दोन-दोन महिन्यांचं काम छताला जाऊन बसायचं. एकदा बसलंही होतं.

आता मुख्य गोष्ट. त्या भुकटीला आंबट चिकटून बसतं. जेवण झालं तरी न उठणारे पाहुणे असतात ना, तसं. त्याला घालवायला भुकटी पुन्हा दुसऱ्या, अगदी पातळ आम्लात विरघळवायची आणि पुन्हा सुकवायची. आमच्याकडे नियम होता, एकूण तीनदा सुकवायचं. एका वेळेला एक दिवस आणि एक रात्र लागते. दर वेळी सुकवण्याच्या रजिस्टरात तारीख घालून बरोबरची खूण करायची. हे यंत्र, हे रजिस्टर आणि त्यातल्या खुणा हा माझा कारभार होता. दुसऱ्या कुणी यंत्राला हात लावलेला मला खपायचा नाही.

लोक विचारतात, एवढं करून उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहेत आणि सगळे प्रयोगशाळेच्या चार भिंतींत आहेत. अशी माळ सशाला टोचून प्रतिद्रव्यं तयार करतात, एखादं विकर, म्हणजे एन्झाइम, कुठं कात्री चालवतं ते तिच्यावर बघतात, जंतूंवर आणि पेशींवर तिचा परिणाम तपासतात. एकदा एक व्यायामशाळावाला दुखरा खांदा घेऊन आला होता. त्यानं मोबाइलवर वाचलं होतं की असलं काहीतरी टोचलं की खांदा सुधारतो. "एक छोटी बाटली द्या, मी लिहून देतो की जबाबदारी माझी." मी त्याला बाटलीवरची चिठ्ठी दाखवली, 'फक्त संशोधनासाठी', आणि जरा तोऱ्यातच म्हटलं, "भाऊ, यात काय आहे ते आम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्हाला देत नाही." त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग किती पोकळ होता, ते मला पुढे कळलं.

प्रज्ञा आमच्याकडे पीएच.डी.ला आली ती भुसावळहून. वडील रेल्वेत रूळ तपासायला होते, आई अंगणवाडीत. घरात डॉक्टरेटपर्यंत पोचलेली ती पहिलीच. रोज भुसावळ-जळगाव ये-जा करायची आणि गाडीत उभ्यानं पेपर वाचायची. तिनं सात मण्यांची एक माळ आखली होती. केळीच्या पानावर करपा पडतो, त्याची बुरशी या माळेनं मरते का, हा तिचा विषय. शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष चालू होतं. त्या वर्षात माळ चालली तर प्रबंध, नाहीतर हात हलवत घरी, असा सरळ हिशोब होता.

करप्याची पानं तिला पुरवायचे सावद्याचे नाना. सत्तरीचे, चांगले बागायतदार, स्वतःच्या मोटरसायकलवर पानांचा भारा बांधून यायचे आणि प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून शिरायचे. मी म्हणायचे, नाना, इथं चपला घालायच्या असतात, खाली आम्ल सांडलेलं असतं. ते म्हणायचे, "विद्येच्या जागी चपला घालू राह्यलो तं लोक काय म्हनतीन?"

त्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. समिती म्हणजे काय ते शिक्षणखात्यात काम केलेल्यांना सांगायला नको. भिंतींना रंग लागतो, कुंड्या भाड्यानं येतात आणि रजिस्टरं भरली जातात. आमच्याकडे रिवाजच होता, काम नंतर झालं तरी चालेल पण पान आधी भरलेलं हवं. सर म्हणाले, "अहो बाई, एकही रकाना रिकामा दिसता कामा नये." प्रज्ञाची माळ तेव्हा पहिल्यांदा सुकत होती. मी तिच्या नावापुढे पुढच्या तारखा घालून तिन्ही खुणा करून टाकल्या. सही केली. अक्षर माझं पहिल्यापासून सुंदर.

पहिलं सुकवणं झालं, मी बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि भाच्याच्या लग्नासाठी चार दिवस धुळ्याला गेले. दुसरं-तिसरं सुकवणं तुम्ही उरका, असं शेजारच्या सहायकाला सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण वर म्हटलं तसं, माझं यंत्र. आल्यावर करीन म्हटलं.

आले तेव्हा समिती दारात होती. पडदे टांगायचे होते, काचा पुसायच्या होत्या, जुन्या बाटल्या लपवायच्या होत्या. त्यात प्रज्ञा आली. "अक्का, माझं झालं का?" मी रजिस्टर उघडलं. तीन खुणा, तीन तारखा, खाली माझीच सही. माझ्याच अक्षरावर माझाच विश्वास बसला. बाटली काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "घे, तीनदा सुकवलंय."

समितीनं आमचं सुकवण्याचं रजिस्टर मुद्दाम मागवून पाहिलं आणि अहवालात त्याला 'अनुकरणीय' म्हटलं.

पुढच्या आठवड्यात प्रज्ञानं बुरशी वाढवलेल्या काचेच्या बशीत कागदाच्या दोन टिकल्या ठेवल्या. एकीवर माळेचा थेंब, दुसरीवर नुसतं पाणी. तीन दिवसांनी माळेच्या टिकलीभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ होतं. तिथं बुरशीचा मागमूस नव्हता. पाण्याच्या टिकलीवर ती मजेत वाढली होती. प्रज्ञा ती बशी दोन्ही हातांत धरून विभागभर फिरली. तिची आई पेढे घेऊन आली. सरांनी वार्ताहराला बोलावलं आणि 'करप्यावर जळगावात रामबाण' अशी बातमी सरांच्या फोटोसह छापून आली. बशी फोटोत नव्हती, प्रज्ञा अर्धी होती.

बातमी वाचून नाना आले. गाडीला मागे पन्नास लिटरचा ड्रम बांधलेला.

"अक्का, औषध कोठे शे? तुम्ही धुळ्याच्या, म्हनून आधी तुमच्या बोलीत इचारलं. औषध कुठी हाय? मले भरून द्या."

मी त्यांना बाटली दाखवली. तळाशी हरभऱ्याच्या फोलपटाएवढी भुकटी.

"एवढंसंच? हे तं चहात टाकाले बी पुरनार नाही."

मी समजावत होते, की एवढं करायलाच दोन महिने लागतात, आणि तेवढ्यात त्यांनी बाटलीचं झाकण काढून नाकाला लावलं. केळी पिकली की नाही ते वासावर सांगणारा माणूस, त्याच सवयीनं. मी ओरडायच्या आत म्हणाले, "हे आंबट येऊ राह्यलं."

माझ्या नाकाची विभागात ख्याती होती. कुठल्या कपाटात कुठली बाटली उघडी राहिलीय, हे मी दारातून सांगायचे. पण करोनाच्या साथीनंतर तोंडाला मास्क लावायची सवय लागली होती आणि त्या बाटलीपाशी मी मास्क कधी काढलाच नव्हता. तो काढला. वास आला. नाना गेल्यावर भुकटीचा कण पाण्यात टाकून त्यात कागदी पट्टी बुडवली. लालभडक झाली.

मग रजिस्टर उघडलं आणि या वेळी खुणा न वाचता तारखा वाचल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेला मी जळगावातच नव्हते. बुरशी मेली होती ती माळेनं की आंबटानं, हे आता देवालाच ठाऊक होतं.

मी दीड महिना गप्प बसले. स्वतःला सांगत होते, पोरीचं नुकसान होईल. ते खरं होतं, पण पुरं खरं नव्हतं. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि चौकशीची मला भीती वाटत होती. गप्प बसून मी एक मात्र केलं. उरलेली भुकटी घेतली आणि राहिलेली दोन सुकवणी नियमानं पुरी केली. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. यंत्र चालू असलं की सहायक काम करतेय असं सगळे समजतात, काय करतेय ते कुणी विचारत नाही. मग स्वतः बशी लावली. मनात एवढंच होतं, की चाल बाई, तू चाल, म्हणजे कुणाला काही सांगायला नको.

चौथ्या दिवशी बशी उघडली. बुरशी काठापासून काठापर्यंत पसरली होती. माळेची टिकली तिच्याखाली दिसेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाला बशी दाखवली आणि सगळं सांगितलं, पहिल्या खुणेपासून. तिचा सादरीकरणाचा दिवस जवळ आला होता, बाहेरचे तज्ज्ञ येणार होते. तिनं बशी उचलून उजेडात धरली.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"नाना ड्रम घेऊन आले तेव्हापासून."

"दीड महिना." तिनं मनात मोजलं असावं. "दीड महिना मी तुमच्यासमोर प्रबंध टाइप करतेय."

ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "पाण्याऐवजी आंबट पाण्याची टिकली ठेवायला हवी होती मी. ती चूक माझी. बाकीची तुमची, मॅडम."

अक्काची मॅडम झाले. ताकीद पुढे मिळायची होती, पण शिक्षा मला तिथंच मिळाली.

तिनं तिसरी बशी लावली. त्यात माळ नव्हतीच, नुसतं आंबट, पहिल्या भुकटीत असेल तेवढंच. वर्तुळ आलं, रुपयाएवढं. ती तिन्ही बशा घेऊन सरांकडे गेली, मी मागून गेले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांचा फोटो छापून आला होता, एवढाच त्यांचा दोष. त्यांनी बशांकडे पाहिलंही नाही, रजिस्टर मागवलं.

"यात तीन खुणा आहेत. समितीनं वाखाणलेलं रजिस्टर आहे हे. कागद खरा की बाईंचं नाक खरं?" मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "अहो बाई, निवृत्तीला आलात. कशाला?"

सादरीकरणाला खोली भरली होती. प्रज्ञा उभी राहिली आणि सरांनी मंजूर केलेलं सादरीकरण बाजूला ठेवून तिनं तिन्ही बशांचे फोटो पडद्यावर लावले. ही पहिली भुकटी, ही तीनदा सुकवलेली, हे नुसतं आम्ल. माळ बुरशी मारत नाही, म्हणाली. बाहेरचे तज्ज्ञ पुढे झुकले. "पण तुमच्या नोंदीप्रमाणे तर आम्ल आधीच काढलेलं होतं?"

प्रज्ञाला माझं नाव घेता आलं असतं. ती म्हणाली, "नोंद पुन्हा तपासावी लागेल, सर."

मी शेवटच्या रांगेत प्रोजेक्टरच्या वायरीपाशी उभी होते. म्हटलं, "तपासायला नको. नोंद खोटी आहे. मी केली."

तज्ज्ञांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सरांना म्हणाले, "मग हे काम एक वर्ष पुन्हा करायला हवं." मला लेखी ताकीद मिळाली. सुवाच्य अक्षरात उत्तर लिहून दिलं. मला एवढंच झालं.

जे झालं ते तिला झालं. शिष्यवृत्ती संपली. ती पहाटे भुसावळला क्लासमध्ये बारावीला शिकवायची, मग गाडी पकडून यायची आणि माझ्या यंत्रापाशी येऊन उभी राहायची. तिन्ही सुकवणी ती डोळ्यांनी बघायची, खूण स्वतः करायची. मी बाजूला बसलेली असायचे. 'मॅडम, पंप चालू करा. मॅडम, बंद करा.' असे कित्येक महिने गेले. मग एका दुपारी बाटली उघडून तिनं माझ्या नाकासमोर धरली. "बघा, अक्का, काही येतंय का?" काही येत नव्हतं. मला रडू आलं आणि मी मास्क वर ओढला.

ती माळ कशावरही चालली नाही. चिकटून राहिलेलं आम्ल खोटं यश कसं दाखवतं, यावर तिचा प्रबंध झाला. एका प्रकरणात आमच्या तीन बशा आहेत. आभारात माझं नाव आहे, 'तांत्रिक साहाय्य' असं न म्हणता. काय म्हटलंय ते मी सांगणार नाही.

नानांना मी स्वतः सावद्याला जाऊन सांगितलं, की मारलं ते माळेनं नव्हे, आंबटानं मारलं.

"मंग आंबटच द्या ना. ते तं सस्तं असीन."

"नाना, त्यानं आधी केळीचं पान जळेल, मग करपा."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे रोग बी जाईन अन् बाग बी. अशे औषधं मी लई पाह्यले." आणि मला निघताना केळीचा घड दिला, जो मी बसमध्ये मांडीवर घेऊन आले.

प्रज्ञा आता धुळ्यालाच एका कॉलेजात शिकवते. तिच्या प्रयोगशाळेत भिंतीवर त्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स लावली आहे, माझं नाव झाकून. दर वर्षी नवीन मुलं आली की ती मला बोलावते, पानासमोर उभं करते आणि मुलांना विचारते, "यात काय चुकलंय?" मुलं वाचतात. तारीख आहे, खूण आहे, सही आहे. काही चुकलेलं नाही, म्हणतात. दर वर्षी मी मागे उभी राहून ते ऐकते, आणि दर वर्षी मला थोडं बरं वाटतं, हे कबूल करते. मग ती त्यांना बशांचे फोटो दाखवते.

यंदा एक शिरपूरकडची मुलगी पानाच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ बघून म्हणाली, "मॅडम, तिन्ही खुणा एका दमात केल्यासारख्या दिसतात. सुकवायला तर तीन दिवस लागतात ना? मधल्या दिवसांत खुणा करणारं माणूस कुठं होतं?"

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. समितीनं नाही, सरांनी नाही, मीही नाही.

"इथंच होते बेटा, धुळ्यात," मी म्हटलं. "दुसऱ्या खुणेला हळद लावत होते, तिसरीला पंगतीत वाढत होते. आणि या मॅडमची बाटली फ्रीजमध्ये माझी वाट बघत होती."